रविवारची सुट्टी कोणामुळे मिळाली? ‘वीकली ऑफ’चा अर्थ आणि नारायण मेघाजी लोखंडे यांची कहाणी

नोकरीचे नियुक्तीपत्र हातात पडले की नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते. मग पीएफ, ग्रॅच्युइटी, सीएल, पीएल. या सगळ्यांत कुठेतरी एक छोटीशी ओळ असते, वीकली ऑफ : रविवार. ती सहसा कोणी नीट वाचत नाही. सुट्टी असणारच, हे धरूनच चाललेले असते.

दरवर्षी १० जून जवळ आला की व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरू लागतो. इंग्रजांच्या राज्यात सातही दिवस काम असायचे आणि १० जून १८९० रोजी भारतीयांना पहिली रविवारची सुट्टी मिळाली, असे त्यात लिहिलेले असते. सोबत फेट्यातल्या एका गृहस्थाचे चित्र असते. ते गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. श्रेय योग्य माणसाला दिलेले असते, पण तपशील थोडा घसरतो. १० जून १८९० हा दिवस मंगळवार होता! त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, सुट्टी द्यायचा निर्णय झाला. दुसरे असे की सरकारी कचेऱ्या आणि न्यायालये तेव्हाही रविवारी बंद असत. साहेबाला आणि त्याच्या कारकुनाला रविवार होता. तो नव्हता मुंबईच्या गिरणीत साचा चालवणाऱ्या माणसाला. लोखंडे यांचा झगडा या माणसासाठी होता.

वीकली ऑफ म्हणजे नेमके काय?

रजा आणि साप्ताहिक सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजा मागावी लागते, तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, ती मंजूर किंवा नामंजूर होते. साप्ताहिक सुट्टीला यातले काहीच लागत नाही. सहा दिवस काम केले की सातवा दिवस आपला. त्या दिवशी काय करणार, हे कोणाला सांगावे लागत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने हा दिवस आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, असा ठरवला. रविवारी कामावर बोलवायचेच असेल तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यावी आणि सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम करून घेऊ नये, असे बंधन घातले. बुडालेली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत भरून द्यावी, अशी तरतूदही त्यात होती. हल्ली कार्यालयांत ज्याला कॉम्प ऑफ म्हणतात, त्याचे मूळ हेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायला मोकळीक दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे ही अट ठेवली. म्हणजे मॉल रविवारी उघडा असेल, तिथल्या सेल्समनचा ऑफ मंगळवारी असेल. वार बदलतो, हक्क बदलत नाही.

हा हक्क गिरण्यांच्या मुंबईत आधी मागितला गेला, कायद्यात त्यानंतर आला.

ठाण्यातला मुलगा, मांडवीतली गिरणी

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती. लोखंडे यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले कन्हेरसर. घराणे फुलमाळी समाजातले, परिस्थिती बेताची. पोटापाण्यासाठी कुटुंब ठाण्यात आलेले. मुलगा तिथेच शिकला, मॅट्रिकपर्यंत पोहोचला. बहुजन समाजातल्या मुलासाठी त्या काळात हे शिक्षण थोडे नव्हते. पुढे शिकण्याची ऐपत मात्र नव्हती, म्हणून नोकरी धरली. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि त्यानंतर मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून.

ही तिसरी नोकरी महत्त्वाची ठरली. स्टोअरकीपर म्हणजे लिहिणारा माणूस, पांढरपेशा. साच्यावर उभे राहणे त्याच्या वाट्याला येत नाही. पण तो बसतो गिरणीच्या आतच. कामगार त्याला रोज दिसतात, त्यांची बोलणी कानावर पडतात. गिरणीमालकाचा हिशेब आणि कामगाराची दशा या दोन्ही गोष्टी एकाच खुर्चीवरून पाहायला मिळणारी माणसे तेव्हा फार नव्हती. मॅट्रिक झालेला, इंग्रजी कागद वाचू शकणारा आणि तरीही कामगारांना आपला वाटणारा माणूस तर विरळाच.

त्याने काय पाहिले असेल, याची कल्पना त्या काळच्या चौकशी अहवालांवरून येते. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या तीसेक वर्षांत गिरण्यांची रांग लागली. कोकणातून, घाटावरून, रत्नागिरी-साताऱ्याकडून माणसे येत राहिली. गिरणीत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे सूर्य हेच घड्याळ. उजाडले की काम सुरू, मावळले की बंद. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून सुटका लवकर, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. हवेत कापसाचा तूस, कानठळ्या बसवणारा खडखडाट. उशीर झाला की दंड. कामावर घेणारा आणि काढणारा मुकादम, त्याची दस्तुरी वेगळी. पगार महिना संपल्यावर लगेच मिळत नसे. तो दिवसेंदिवस रखडे आणि तोवर कामगार वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर जगे.

आणि सुट्टी? सणावाराला गिरणी बंद राही. यंत्रे साफ करण्यासाठी अधूनमधून एखादा रविवार बंद ठेवत, पण सफाईला कामगारांनाच बोलावत आणि अर्धा दिवस त्यातच जाई. यंत्राला विश्रांती ठरलेली होती, माणसाला नव्हती.

सत्यशोधक आणि संपादक

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लोखंडे लवकरच या चळवळीत आले आणि मुंबईतले तिचे एक प्रमुख कार्यकर्ते झाले. या विचारांचे ‘दीनबंधू’ हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केले होते. शेतकरी आणि कष्टकऱ्यांची बाजू मांडणारे हे पत्र पैशाअभावी बंद पडले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा सुरू केले. गिरणीतली नोकरी सोडून ते पत्राच्या कामाला लागले.

बंद पडलेले वर्तमानपत्र चालवायला घेणे हा तेव्हाही तोट्याचाच धंदा होता. त्यात वाचकवर्ग असा की बहुतेकांना अक्षरओळख नाही. चाळीत एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. तरीही लोखंडे यांनी हे पत्र नेटाने चालवले. शेतसारा, सावकारी, जातीची जाचक बंधने आणि गिरणीतली स्थिती हे त्याचे नेहमीचे विषय. फुले आणि भालेकर यांनी मुंबईत येऊन गिरणी कामगारांच्या सभांत भाषणे केली. ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाड्यातील सभागृहात फुले यांना महात्मा ही पदवी देण्यात आली, त्या सोहळ्यामागे उभ्या असलेल्या मुंबईकर मंडळींत लोखंडे होते.

कायदा होता, पण मोठ्यांसाठी नव्हता

लोखंडे मैदानात उतरले तेव्हा देशात पहिला कारखाने कायदा झालेला होता. मुंबईतले सोराबजी शापुरजी बंगाली यांनी त्यासाठी खटपट केली होती. १८८१ चा हा कायदा शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना लागू झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचे नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही आणि महिन्यात चार सुट्ट्या द्यायच्या. सात वर्षांचे मूल गिरणीत नऊ तास राबणे कायदेशीर होते, हे आज वाचताना अंगावर येते. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्याबद्दल या कायद्यात काहीच नव्हते.

या कायद्याभोवतीचे राजकारणही सरळ नव्हते. मुंबईच्या गिरण्या स्वस्त कापड काढू लागल्या तसे इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीवाले अस्वस्थ झाले आणि हिंदुस्थानातही कामाच्या तासांवर निर्बंध घाला, असा लकडा त्यांनी लावला. त्यांना कामगारांचा कळवळा किती आणि धंद्याची काळजी किती, हे उघड होते. म्हणून इथल्या राष्ट्रीय विचारांच्या वृत्तपत्रांनी, टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’नेही, कारखाने कायद्याला विरोध केला. देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते सगळेच खोटे नव्हते.

लोखंडे यांची कोंडी इथे होती. कामगारांसाठी सुट्टी मागावी तर परक्यांच्या हातचे बाहुले ठरण्याची भीती. न मागावी तर चौदा तास राबणाऱ्याने देशी उद्योगाच्या नावाने राबतच राहावे. लोखंडे यांनी मागितली. लँकेशायरचा हेतू काहीही असो, गिरणीत मोडणारी पाठ कोणाची आहे हे त्यांना जवळून ठाऊक होते.

१८८४ : साडेपाच हजार सह्या

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मालक आपली बाजू मांडणार हे ठरलेले होते. कामगारांची बाजू कोण मांडणार? लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात कामगारांच्या सभा बोलावल्या. २३ आणि २६ सप्टेंबरला या सभा झाल्या, त्यातली एक परळच्या सुपारीबागेत. तिथे मागण्यांचे निवेदन ठरले आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले.

मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय.

या यादीत पगारवाढ नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. साडेपाच हजार माणसांनी एकत्र येऊन मागितले ते पैसे नव्हे, वेळ. दुपारच्या भाकरीचा अर्धा तास आणि आठवड्याचा एक दिवस.

याच सभांतून बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली असे मानले जाते आणि लोखंडे तिचे अध्यक्ष. भारतीय कामगार चळवळीचे जनक हे बिरुद त्यांना मिळाले ते या कामामुळे. काही अभ्यासक संघटनेचे वर्ष १८९० धरतात. पण ही आजच्यासारखी युनियन नव्हती, एवढे नक्की. तिला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लिखित नियम नव्हते. पुढे सरकारी अहवालानेही तशी नोंद केली आणि लोखंडे हे कामगारांचे स्वेच्छेने झालेले सल्लागार आहेत असे म्हटले. नोंद खरी होती. पण वर्गणी न घेता, संपाची धमकी न देता हजारो माणसे एका मागणीपाठी उभी करणे हेही सोपे नव्हते. संप केला तर दुसऱ्या दिवशी नाक्यावर उभी असलेली नवी माणसे मुकादम आत घेई. अर्ज, सभा, सह्या आणि वर्तमानपत्र एवढीच हत्यारे लोखंडे यांच्या हाती होती.

मालकांचा युक्तिवाद असा की इथला कामगार तसाही सावकाश काम करतो, मधूनच उठून विडी ओढायला जातो, मनात येईल तेव्हा गावी जातो, सण-वार पाळतो. त्याला वेगळी सुट्टी कशाला? मधूनच उठणे ही चौदा तास उभे राहण्याची किंमत असू शकते, असे त्यांना वाटले नाही. चौकशी झाली, अहवाल आला, पण रविवार आला नाही. सहा वर्षे अशीच गेली.

१८९० : रेसकोर्सवरची सभा

१८८९ मध्ये लोखंडे यांनी पुन्हा निवेदन दिले. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते. दोन कामगार स्त्रियांनी या सभेत भाषणे केली. १८९० मध्ये, मुंबईच्या उघड्या मैदानावर, दहा हजारांसमोर दोन गिरणी कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या, ही एकच गोष्ट त्या सभेचे वेगळेपण सांगायला पुरेशी आहे. घरी स्वयंपाक, पाणी, मुले आणि गिरणीत दिवसभर काम करणाऱ्या बाईला रविवार पुरुषापेक्षा जास्तच हवा होता.

सभेतून मालकांच्या संघटनेकडे, म्हणजे गिरणीमालक संघाकडे, रविवारच्या सुट्टीची मागणी गेली. १० जून १८९० रोजी संघाने दर रविवारी गिरण्या बंद ठेवायचे ठरवले. सरकार हलण्याआधी मालक हलले. त्यात नवा कायदा येऊ घातल्याचा अंदाज होता, जनमताचा दाब होता आणि रेसकोर्सवरची गर्दीही होती.

रविवारच का, याचेही एक उत्तर सांगितले जाते. रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या कामगारांचे ते कुलदैवत आणि या दिवशी सुट्टी मिळाली तर देवाचेही होईल, असे लोखंडे यांनी म्हटल्याचे चळवळीच्या आठवणींत येते. लोखंडे यांच्या खेड तालुक्यातच निमगावचा खंडोबा आहे, त्यामुळे हे कारण त्यांना सुचणे अगदी स्वाभाविक. व्यवहाराचे कारणही होतेच. कचेऱ्या रविवारी बंद असत, तोच वार मागितल्यावर मालकांना नाही म्हणायला जागा कमी उरली. साहेबाचा चर्चचा दिवस आणि कामगाराचा खंडोबाचा दिवस एकच निघाला, हे बरेच झाले.

निर्णयाचा कायदा होतो

मालकांचा निर्णय हा मालकांचाच निर्णय होता. उद्या त्यांनी तो फिरवला असता तर? म्हणून कायदा हवा होता. १८९० मध्येच भारत सरकारने डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली कारखाना कामगार आयोग नेमला. मुंबईतल्या चौकशीसाठी लोखंडे यांना आयोगासोबत घेण्यात आले. गिरणीच्या स्टोअरमध्ये बसणारा माणूस आता सरकारी चौकशीच्या टेबलाशी बसला.

त्यातून १८९१ चा कारखाने कायदा आला आणि १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. साप्ताहिक सुट्टी कायद्याची झाली. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांच्या कामाला ११ तासांची मर्यादा पडली. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि चौदापर्यंतच्या मुलांना सात तासांहून अधिक काम नाही, असे ठरले. शंभरऐवजी पन्नास माणसांच्या कारखान्यांनाही कायदा लागू झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने साप्ताहिक विश्रांतीचा करार केला तो १९२१ मध्ये आणि भारताने त्याला मान्यता दिली १९२३ मध्ये. मुंबईच्या गिरण्यांत तोवर तीस वर्षे रविवार पाळला जात होता.

उणिवा राहिल्याच. या कायद्याने सुट्टी दिली, सुट्टीच्या दिवसाचा पगार दिला नाही. नगावर काम करणाऱ्या विणकराचा रविवार बिनपगारीच गेला. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना हात लागला नाही. पुढच्या काही वर्षांत गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची अडचण संपली आणि कामाचा दिवस आणखी लांबला. पुरुष कामगारांसाठी कापड गिरण्यांत १२ तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने.

गिरणीबाहेरचे लोखंडे

लोखंडे यांना केवळ कामगार पुढारी म्हणणे अपुरे आहे. विधवेचे केशवपन तेव्हा सर्रास चाले. नवरा गेला की तिच्या डोक्यावर वस्तरा फिरवला जाई आणि तो फिरवणारा असे न्हावी. लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांची सभा घेतली आणि हे काम आम्ही करणार नाही, असा निर्धार शेकडो नाभिकांनी केला. प्रथा बंद करा म्हणून विधवेच्या घरच्यांना उपदेश करण्याऐवजी वस्तरा धरणारा हातच मागे घ्यायला लावणे, ही युक्ती कामगार पुढाऱ्यालाच सुचावी. याच वर्षी २८ नोव्हेंबरला फुले गेले. सत्यशोधकांचे मुंबईतले काम लोखंडे पुढे नेत राहिले.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. गिरणगावही त्यात होरपळले. लोखंडे वस्त्यांत फिरले, दोन्ही समाजांच्या सलोख्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत मोठी सभा घडवून आणली. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. ते जस्टिस ऑफ द पीसही झाले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. गिरण्या ओस पडू लागल्या. चाळींतून आजारी माणसांना बाहेर काढणे, रुग्णालयात नेणे, भेदरलेल्या कुटुंबांना समजावणे या कामात लोखंडे राहिले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, वय जेमतेम ४८-४९. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

लोखंडे गेल्यावर त्यांची संघटना टिकली नाही. सभासदांची यादीच नव्हती, मग वारसा कोणाकडे जाणार? टपाल खात्याने ३ मे २००५ रोजी त्यांच्यावर तिकीट काढले. तरुणपणी ते याच खात्यात नोकरीला होते. परळमधल्या राज्य सरकारच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे.

पाच मागण्यांचे पुढे काय झाले?

१८८४ च्या निवेदनातल्या रविवार आणि दुपारची विश्रांती या दोन मागण्या १८९१ च्या कायद्यात आल्या. कामाच्या तासांना हात लागला १९११ मध्ये. अपघाताच्या भरपाईसाठी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची वाट पाहावी लागली. आणि पगाराची तारीख? ती ठरली १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने. एक हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, अधिक असतील तर १० तारखेपर्यंत. लोखंडे यांनी १५ तारीख मागितली होती. सुपारीबागेत अंगठा उमटवणाऱ्या माणसांपैकी किती जण हे पाहायला उरले असतील, कोण जाणे. मध्ये ५२ वर्षे गेली होती.

सुट्टीच्या दिवसाच्या मोबदल्याचा प्रश्नही हळूहळू मार्गी लागला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस आणि त्या दिवसाचे वेतन, या दोन्हींचे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला.

ग्रॅच्युइटीतला २६ हा आकडा

या रविवारची एक खूण अजून कागदावर दिसते. ग्रॅच्युइटी मोजताना शेवटच्या महिन्याचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता घेतात, त्याला १५ ने गुणतात, २६ ने भागतात आणि नोकरीच्या वर्षांनी गुणतात. महिना तर तीस दिवसांचा, मग २६ का? कारण तिसातून चार रविवार वजा केले की कामाचे दिवस २६ उरतात. महिन्याचा पगार त्या २६ दिवसांच्या कामाचा, असा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मान्य केला आणि १९८७ मध्ये तो कायद्यातच स्पष्टपणे लिहिला गेला.

फरक लहान नाही. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहेत. ३० ने भागले तर पंधरा दिवसांचे होतात १३,००० रुपये. २६ ने भागले तर १५,०००. दहा वर्षे नोकरी झालेल्या माणसाच्या हाती १ लाख ३० हजारांऐवजी १ लाख ५० हजार रुपये पडतात. वरचे २० हजार रुपये त्या चार रविवारांचे.